ताटाची डावी बाजू

कामाच्या ठिकाणच्या जेवणाची चर्चा निघाली की भाजी, आमटी, पोळी आणि भात यांचाच विचार होतो. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, पापड, कोशिंबीर ही ताटाची डावी बाजू बोलण्यात शेवटी येते किंवा येतच नाही. कँटीनमध्ये जेवणाऱ्या माणसाच्या हातात मात्र हीच बाजू असते. उजवीकडचे पदार्थ मोठ्या टोपातून येतात आणि त्यांत किती मीठ, किती तेल पडले हे खाणाऱ्याला ठरवता येत नाही. लोणच्याची एक फोड घ्यायची की तीन, वरून मीठ घ्यायचे की लिंबू पिळायचे, हे तो स्वतः ठरवतो. कँटीनचे जेवण सुधारायचे असेल तर सुरुवात या बाजूने करणे सर्वांत सोपे आहे, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे.

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर. तिथे आज उंच इमारती आणि कार्यालये आहेत आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा नोकरदार आहे. दुसरे डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर. डोंबिवली स्टेशनच्या बाजूने निघालेला मानपाडा रस्ता तिथे येऊन मिळतो. सोनारपाडा, गोळवली, सागाव ही गावे आणि डोंबिवलीची एमआयडीसी याच पट्ट्यात आहेत. रसायने, रंग, कापडावरील प्रक्रिया, यंत्रांचे सुटे भाग असे उद्योग तिथे चालतात. पुढील संवाद या दुसऱ्या मानपाड्यातल्या कारखान्याच्या कँटीनचा आहे. त्यातली दोन माणसे दोन भूमिकांची प्रतिनिधी आहेत. एक कँटीनचा ठेका चालवणारे स्थानिक गृहस्थ आणि दुसऱ्या, कामगारांच्या आरोग्य तपासणीसाठी कंपनीत येणाऱ्या आहारतज्ज्ञ. अशा वादात दोन्हीकडून जी कारणे दिली जातात तीच त्यांच्या तोंडी मांडली आहेत.

वादाला कायद्याची चौकट आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ४६ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन चालवण्यास मालकाला भाग पाडता येत असे. कलम ४७ नुसार १५० हून अधिक कामगार असल्यास विश्रांतीची आणि जेवणाची खोली लागे, आणि जेवणाची खोली असेल तर कामाच्या जागी बसून खाण्यास मनाई होती. रसायनांच्या कारखान्यात या मनाईचे महत्त्व सांगायला नको. कलम ५५ नुसार सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नसे; त्याआधी किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी लागे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा घेतलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने कँटीनसाठीची मर्यादा १०० कामगारांवर आणली आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले. जेवण काय असावे, किती असावे, केव्हा द्यावे याबाबत कामगारांचे प्रतिनिधी असलेल्या कँटीन समितीशी सल्लामसलत करावी, अशी नियमांत तरतूद आहे. म्हणजे हा वाद जिथे व्हायला हवा ती जागा कायद्याने आखून दिलेली आहे. अनेक समित्यांच्या बैठका दरवाढीवरच संपतात, ही खेदाची गोष्ट आहे.

चालक : ताई, सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात हात धुवायचे, रांग लावायची, जेवायचं आणि परत मशीनवर जायचं. दुधीची भाजी कमी मीठ-तेलात करून वाढली तर माणसं ताटं तशीच परत आणून ठेवतात. लोणचं असलं की भाजी कशीही असो, चार पोळ्या पोटात जातात. माणूस उपाशी राहिला तर दुपारनंतर उभा कसा राहील?

आहारतज्ज्ञ : दादा, उपाशी कुणी राहू नये हे मला मान्यच आहे. पण तुम्हीच म्हणालात, भाजी कशीही असो. मग लोणचं भाजीची उणीव भरून काढतंय की झाकतंय? चांगली भाजी असली की लोणचं चवीपुरतं लागतं. भाजी पाणचट असली की तेच लोणचं भाजी म्हणून खाल्लं जातं.

हा मुद्दा आकड्यांत पाहता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वेही ५ ग्रॅमचीच मर्यादा सांगतात. राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन दिवसाला ८ ग्रॅम आढळले. पुरुषांत ते ८.९ ग्रॅम, स्त्रियांत ७.१ ग्रॅम आणि नोकरी-कामधंदा करणाऱ्यांत ८.६ ग्रॅम होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले.

आता कँटीनचे एक ताट घेऊ. लोणच्यात वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के मीठ असते, म्हणून दहा ग्रॅमच्या एका चमच्यात एक ते दीड ग्रॅम मीठ जाते. उडदाच्या एका पापडात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आमटीच्या वाटीत सव्वा ग्रॅम, भाजीत एक ग्रॅम, पोळ्यांच्या कणकेत थोडे, मीठ घातलेल्या ताकात अर्धा ग्रॅम. हा हिशेब अंदाजाचा आहे, घरागणिक आणि आचाऱ्यागणिक तो बदलेल. पण एका जेवणात दिवसभराचा वाटा संपतो हे त्यातून दिसते. सकाळचा वडापाव आणि रात्रीचे जेवण यांचा त्यात समावेश नाही. या पाच ग्रॅमपैकी दोनच्या आसपास डाव्या बाजूचे आहेत, आणि तेच सर्वांत सहज कमी होण्याजोगे आहेत.

चालक : मग लोणच्यात मीठ कमी घालू?

आहारतज्ज्ञ : नको. लोणच्यातलं मीठ हे ते टिकवण्यासाठी असतं. कमी घातलं तर बुरशी धरेल आणि अख्खी बरणी फेकावी लागेल. कृती तीच राहू द्या, प्रमाण बदला. तुमच्या बरणीत मोठा चमचा आहे, तो एका उचलीत दोन-तीन फोडी आणतो. तिथे छोटा चमचा ठेवा आणि बरणी टेबलावर न ठेवता वाढायच्या ठिकाणी ठेवा.

चालक : म्हणजे पोरांच्या तोंडचं लोणचं मोजून द्यायचं. संध्याकाळी युनियनवाले माझ्याकडे येतील, तुमच्याकडे नाही.

चालकांची ही भीती खरी आहे. पंगतीच्या जेवणात लोणच्याची एकच लहान फोड वाढली जाई आणि तिला कुणी कंजुषी म्हणत नसे, कारण तिच्या शेजारी कोशिंबीर, ओली चटणी, लिंबू असे सगळे असायचे. कँटीनमध्ये डावी बाजू आक्रसत लोणचे आणि तळलेल्या पापडावर आली. उरलेल्या दोन पदार्थांतला एक कमी केला तर माणसाला हिरावून घेतल्यासारखे वाटणारच. त्यामुळे प्रमाण कमी करणे आणि इतर पदार्थ परत आणणे या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हाव्या लागतात.

चालकांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे.

चालक : ताई, ऑफिसात एसीत बसणाऱ्याचं गणित तुम्ही इथे लावू नका. बॉयलरजवळ, कपडा सुकवणाऱ्या मशीनजवळ एप्रिल-मेमध्ये उभं राहून बघा. बनियन पिळलं तर पाणी गळतं. घामातून मीठ जातं की नाही? आमच्या आगरी लोकांनी तांदळाची भाकर आणि सुकट खाऊन उन्हात शेती केली, मिठागरं केली. कुणाला बीपी झाल्याचं ऐकलं नाही.

आहारतज्ज्ञ : मीठ जातं, हे तुमचं बरोबर आहे. पण ते ज्यांचं जातं त्यांना ज्या वेळी जातं त्या वेळी द्यायला हवं. तुमच्या कँटीनमध्ये बॉयलरवाले किती आणि स्टोअर, पॅकिंग, ऑफिसवाले किती? लोणचं मात्र सगळ्यांना सारखंच. आणि बीपी ऐकलं नाही म्हणता, पण तेव्हा ते मोजत कोण होतं?

घामाबाबत शरीरशास्त्र दोघांनाही थोडे-थोडे बरोबर ठरवते. एक लिटर घामातून एक ग्रॅमपासून चार-साडेचार ग्रॅमपर्यंत मीठ जाऊ शकते. मात्र उष्णतेत काम करण्याची सवय झाल्यावर, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत, शरीर घामातून जाणारे मीठ रोखू लागते. म्हणून नव्याने रुजू झालेला किंवा गावाहून महिनाभराने परतलेला कामगार पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त धोक्यात असतो. त्याला गरज असते ती पाळी चालू असताना पाण्याची, लिंबू-मीठ-साखरेच्या सरबताची, आणि फार घाम जात असेल तर ओआरएसची. दुपारी खाल्लेले लोणचे सकाळी अकराला आलेली चक्कर टाळत नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम १८ मध्ये पिण्याच्या पाण्याची तरतूद होती आणि २५० हून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात थंड पाणी देण्याची जबाबदारी मालकावर होती. सरबताची टाकी भट्टी-बॉयलरच्या विभागात पोहोचली तर घामाचा प्रश्न तिथेच सुटतो आणि कँटीनच्या ताटावर त्याचा भार पडत नाही. या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचे सहज जुळते. फक्त ते काम कँटीनचे की सुरक्षा विभागाचे, हे आधी ठरावे लागते.

कोशिंबिरीवर वाद सर्वांत जास्त रंगतो, आणि तिथे चालकांची बाजू अधिक ऐकण्यासारखी आहे.

चालक : तुम्ही म्हणाल काकडी कापा, कोबी कापा, दही घाला. पहाटे पाचला कापलेली काकडी साडेबाराला काय होते ते मला माहीत आहे. पाणी सुटतं, वास मारतो. पावसाळ्यात एखाद्या दिवशी वीस जणांना जुलाब झाले तर माझा ठेका गेला. लोणच्याने आजवर कुणाचं पोट बिघडवलेलं नाही.

आहारतज्ज्ञ : हे मी मान्य करते. घाईने ठेवलेल्या कच्च्या कोशिंबिरीपेक्षा कोशिंबीर नसलेली बरी. पण सगळ्याच कोशिंबिरी कच्च्या नसतात, दादा.

उकडलेल्या बिटाची, उकडलेल्या बटाट्याची, भाजलेल्या वांग्याची, वाफवलेल्या मुगाची कोशिंबीर किंवा भरीत महाराष्ट्रातल्या घरांत नेहमी होते. कच्चे मोड मोठ्या स्वयंपाकघरात जोखमीचे असतात, कारण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. वाफ दिली की ती जोखीम बरीच कमी होते. गाजर आणि काकडी द्यायची असेल तर ती स्वच्छ पाण्यात धुऊन, वेगळ्या सुरीने आणि वेगळ्या फळीवर, जेवणाच्या वेळेच्या जवळ कापायला हवी. मीठ आणि दही शेवटी मिसळायचे. त्याने पाणी सुटत नाही आणि वर राहिलेले मीठ जिभेला लगेच लागत असल्याने थोडक्यात भागते. दाण्याचे कूट आणि जिरे-मिरचीची फोडणी पडली की मीठ आणखी कमी चालते. जुलै-ऑगस्टमध्ये कच्चे बंद ठेवून उकडलेलेच द्यायचे, असा हंगामी नियम समितीने केला तर चालकांना रोज नव्याने भांडावे लागणार नाही.

लिंबाला यापैकी कुठलीच अडचण नाही. फोडी ऐनवेळी कापता येतात, आंबटपणामुळे कमी मिठाची आमटीही चवदार लागते आणि लिंबातले क जीवनसत्त्व उसळी-पालेभाज्यांतले लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पॅकिंग विभागांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी उसळीवर पिळलेल्या लिंबाची किंमत यावरून कळावी. जेवण संपताच येणारा कडक चहा मात्र नेमके उलटे करतो. तो लोह शोषू देत नाही. तासाभराने आला तर हा त्रास कमी होतो.

कोरड्या चटण्या हा महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराने कँटीनसाठीच करून ठेवलेला पदार्थ वाटतो. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे, लसूण-खोबरे, कढीपत्ता यांच्या चटण्या भाजलेल्या असतात, त्यांत पाणी नसते आणि त्या आठवडाभर उत्तम राहतात. चवीपुरते मीठ घातलेल्या छोट्या चमचाभर चटणीतून पाव ग्रॅमच्या आसपासच मीठ जाते, म्हणजे लोणच्याच्या चमच्यापेक्षा किती तरी कमी. शिवाय तिळातून कॅल्शियम, शेंगदाण्यातून प्रथिने, जवसातून ओमेगा-३ मेद मिळतात. यांना मर्यादा नाहीत असे नाही. तेलबिया असल्याने त्या उष्मांकाने भरलेल्या आहेत. वर कच्चे तेल ओतून वाटीभर खाल्ल्या तर फायदा उरत नाही. जवसाची पूड लवकर खवट होते, म्हणून ती थोडी-थोडी करावी लागते.

चालक : आणि पैसे? आंब्याच्या लोणच्याचा डबा महिनाभर जातो. तीळ, जवस, खोबरं यांचे भाव बघा. कंपनी मला ताटामागे ठरलेले पैसे देते, वर एक रुपया नाही.

आहारतज्ज्ञ : मग पापड रोज कशाला तळता? तेल, गॅस आणि एका माणसाचे दोन तास त्यात जातात. आठवड्यातून दोन दिवस पापड द्या, तोही भाजून. वाचलेल्या पैशात चटणी बसते का ते एकदा मांडून बघू.

चालक : भाजून? तीनशे पापड भाजायचे? तुम्ही एकदा येऊन भाजून दाखवा, ताई.

मोठ्या कँटीनमध्ये पापड तळला जातो तो कामाच्या सोयीसाठी. ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे किंवा भाजलेले हरभरे हे कुरकुरीतपणाची भूक भागवतात आणि त्यांना आचारी लागत नाही. तळणाचा आणखी एक पैलू तेलाचा आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात हानिकारक घटक वाढत जातात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. पापड-भजी कमी झाली की कढईतले उरलेले तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरण्याचा मोहही कमी होतो.

खर्चाचा भार कुणी उचलायचा याचे उत्तर मात्र या दोघांपैकी कुणाकडेच नाही. कँटीन नफ्यासाठी चालवायचे नाही आणि ते चालवण्याच्या काही खर्चाच्या बाबी जेवणाच्या दरात न धरता मालकाने सोसायच्या, हे तत्त्व कायद्यात आणि नियमांत आहे. ताटामागचा ठेका सर्वांत कमी बोलीला देऊन नंतर आरोग्यदायी जेवणाची भित्तिपत्रके लावणे हे कामगार आणि चालक या दोघांवरही अन्यायाचे आहे. चटणी-कोशिंबिरीचा खर्च ठेक्यात वेगळी बाब म्हणून लिहिला गेला तरच ती सहा महिन्यांनंतरही ताटात दिसेल.

यानंतर चालक स्वतःच एक उपाय सुचवतात, आणि आश्चर्य म्हणजे त्याला विरोध आहारतज्ज्ञांचा असतो.

चालक : बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. तेच टोपात घालतो. नाहीतर सैंधव आणतो. मग लोणचं-पापड राहू दे जसंच्या तसं.

आहारतज्ज्ञ : सैंधवही बहुतेक सोडियम क्लोराइडच असतं, आणि त्यात आयोडीन असेलच असं नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. ते घरात, डॉक्टरांना विचारून वापरायला चांगलं. पण तुमच्या एका टोपातून तीनशे माणसं जेवतात. त्यातल्या कुणाची किडनी कमकुवत आहे, कोण बीपीची कुठली गोळी घेतंय, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन भाग साधे मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. फायदा ठोस आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र त्यातून वगळावे लागते, आणि सामूहिक टोपात तशी निवड करता येत नाही. कँटीनसाठी फिनलंडचा जुना मार्ग अधिक सुरक्षित आहे. १९७० च्या दशकापासून त्या देशाने मीठ हळूहळू कमी करत नेले आणि जिभा त्याला सरावल्या. आमटीतले मीठ दर पंधरवड्याला थोडेसे घटवले तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. टेबलावरून मिठाची वाटी उचलणे हाही त्याच मार्गाचा भाग. अर्जेंटिनातील बुएनोस आयर्स प्रांताने २०११ मध्ये उपाहारगृहांत तेच केले, मागितल्यावर मीठ द्यायचे. हे कामगारांना सांगून करावे की न सांगता, यावर दोघांचे एकमत होत नाही. चालकांच्या मते सांगितले की दुसऱ्याच दिवशी आमटी अळणी लागू लागेल. आहारतज्ज्ञांच्या मते प्रौढ माणसाच्या ताटात त्याला न विचारता बदल करू नये. कँटीन समितीच्या प्रतिनिधींना विश्वासात घेणे एवढे तरी आवश्यक आहे.

घोडबंदरच्या मानपाड्यात लोणच्याची जागा टोमॅटो सॉस, शेजवान चटणी आणि मेयोनीज यांनी घेतली आहे. सॉसमध्ये साधारण पाव भाग साखर असते; आठ ग्रॅमच्या एका पुडीतून दोन ग्रॅम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. मेयोनीजचा मुख्य घटक तेल. इथे घामाचा युक्तिवादही लागू होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२५ मध्ये कार्यालयांत तेल व साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली; मिठाचा तिसरा आकडाही त्यात हवा होता. पुदिना-कोथिंबिरीची ओली चटणी रोज ताजी करून ठेवणे कार्यालयातल्या कँटीनला परवडते, आणि सँडविच असो की डोसा, ती दोन्हींबरोबर चालते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या अनेक लहान युनिटांमध्ये वीस-पंचवीस माणसे असतात. तिथे ना कँटीन ना समिती. तिथला कामगार घरचा डबा आणतो, पोळीभाजी केंद्रातून जेवण घेतो किंवा गेटबाहेर वडापाव खातो. वडापावची लसणाची कोरडी चटणी मापात असेल तर त्रासाची नाही. सोबतच्या मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या आणि तळणीचे तेल जास्त महाग पडते. त्याच गाडीवर उसळपाव किंवा उकडलेली अंडी मिळत असतील तर ती बरी. डब्यात पाच-सहा तास टिकणारी डावी बाजू घरूनच यावी लागते : कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, अख्खे लिंबू आणि न चिरलेली काकडी, जी जेवताना धुऊन कापता येते. पोळीभाजी केंद्रांनी भाजीसोबत मोफत दिल्या जाणाऱ्या लोणच्याच्या पुडीऐवजी कोरड्या चटणीची पुडी द्यायला सुरुवात केली, तर कँटीनचा कायदा जिथे पोहोचत नाही त्या डब्यांतही हा बदल होऊ शकेल.